लोंबणारी माणसं

पेंटरला माणूस काढता येत नाही, ही गोष्ट एकतीस वर्षं कुणा गिऱ्हाइकाच्या ध्यानात आली नाही. यायचं कारणच पडलं नाही. दुकानात कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती: अक्षरं पेंटरची, माणसं मेव्हण्याची. पाटी आली की पेंटर तिला पांढरा हात द्यायचा, खडूत घोळवलेला दोरा ताणून वर एक आणि खाली एक रेघ मारायचा, अक्षरं काढायचा आणि उजवीकडचा चौकोन कोरा सोडून चहाला जायचा. तो परत येईपर्यंत मेव्हण्यानं त्या चौकोनात माणूस आणून बसवलेला असायचा. दाताच्या दवाखान्यासाठी हसणारी बाई. शिवणक्लाससाठी कात्री धरलेली बाई. ड्रायव्हिंग स्कूलसाठी स्टिअरिंग धरलेली बाई. तिन्ही बाया एकच होत्या, मेव्हणा तिच्या हातातली वस्तू तेवढी बदलायचा. ही कोण, असं पेंटरनं एकदा विचारलं तर म्हणाला, "भाऊजी, तुम्ही तुमची वेलांटी सांभाळा."

पेंटरनं सांभाळली. त्याची वेलांटी गावात कुणाला जमायची नाही. एका हाताच्या मनगटाखाली काठी टेकवून तो ती एका दमात ओढायचा आणि शेवटाला ब्रश असा उचलायचा की टोक सुईसारखं निघायचं. पाटीवर जागा कमी पडत आली तर शेवटची चार अक्षरं तो अशी बेमालूम दाबायचा की मालकाला वाटायचं, नाव मुळात तेवढंच आहे. माणसं त्याच्या लेखी रिकाम्या चौकोनात राहणारी, परक्या खात्यातली मंडळी होती.

मग गेल्या वर्षी मेव्हण्याचा उजवा हात थरथरायला लागला. चष्म्याच्या दुकानाची पाटी होती. त्या नेहमीच्या बाईची पापणी काढता काढता ब्रश कानापर्यंत गेला. मेव्हण्यानं ते रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा गेलं. त्यानं ब्रश धुतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि घरी निघून गेला. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि हात तसाच राहील, वाढला तर वाढेल, असं सांगितलं. तेव्हापासून तो खिडकीशी रेडिओ लावून बसायचा. उजवा हात मांडीखाली दाबून.

पेंटर एकटा नुसत्या अक्षरांच्या पाट्या करत राहिला. त्याही कमी कमी होत गेल्या, कारण मशीनवर सकाळी सांगितलेली पाटी दुपारी छापून मिळायची आणि तिच्यात माणूसही हवा तसा मिळायचा. पेंटरला उरल्या त्या खडबडीत भिंती. खडबडीत भिंतीवर छापील कागद टिकत नाही.

अशीच एक भिंत त्याला गावाबाहेरच्या मालगोदामात मिळाली. म्हणजे अजून मिळाली नव्हती, बोलावणं आलं होतं. ट्रक लागायचे त्या ओट्यासमोरची चाळीस पावलं लांब भिंत. सुरक्षिततेचं काम बघणाऱ्या मॅडम डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून ती भिंत त्याला टोकापासून टोकापर्यंत चालवत घेऊन गेल्या. पेंटरच्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील.

"काका, सहा महिन्यांत माझ्या चार हमालांची कंबर गेली," त्या म्हणाल्या. "खोका कसा उचलायचा, कसा ठेवायचा, कसा वळवायचा, अशी बारा चित्रं हवीत. माणसाएवढी. आणि अक्षर एकही नको. इथे पाच भाषांची माणसं आहेत आणि निम्म्यांना वाचता येत नाही. बघितल्या बघितल्या कळलं पाहिजे."

"एकही अक्षर नको?"

"एकही नको. जमेल ना?"

"न जमायला काय झालं," पेंटर म्हणाला, आणि हे आपणच बोललो का, असं त्याला वाटलं.

मॅडमनी त्याला एक कागद दिला. त्यावर आगपेटीच्या काड्या जोडल्यासारखा एक माणूस खोका उचलत होता. पंधरा दिवसांनी येणाऱ्या सोमवारी सकाळपर्यंत भिंतीवर एक चित्र नमुन्याला काढायचं. ते हमालांना दाखवायचं. त्यांना कुणी न सांगता कळलं, तर सगळी भिंत पेंटरची. नाही कळलं, तर शहरातून पत्र्याच्या तयार पाट्या येतील.

या कामावर सहज सात-आठ महिने घर चाललं असतं. आणि ते गेलं तर दुकानाला कुलूप लावून चुलतभावाच्या हार्डवेअरच्या काउंटरवर बसायचं, हे घरात ठरल्यात जमा होतं. तिथे रंगाचे डबे विकायचे. उघडायचे नाहीत.

"माणूस? आणि तुम्ही?" बायको म्हणाली. ती ओटा पुसत होती, ती थांबली. "लेकीच्या वहीत घोडा काढून दिला होतात, आठवतंय? बाईंनी खाली लिहून पाठवलं, सोफा छान."

"ती वीस वर्षांपूर्वीची गोष्ट झाली."

"म्हणजे मधे सुधारलात?"

दुसऱ्या दिवशी पेंटरनं दुकानाच्या माळ्यावरून मेव्हण्याचे जुने खाके काढले. खाका म्हणजे टाचणीनं टोचलेल्या रेघांचा कागद. तो भिंतीला लावून वरून कोळशाची पुरचुंडी आपटली की चित्राचे ठिपके उमटतात. त्याचा विचार असा, की डोकं दवाखान्यातल्या डॉक्टरचं घ्यावं, दंड व्यायामशाळेतल्या पैलवानाचे घ्यावेत आणि पाय जे सापडतील ते. पाय सापडले नाहीत. पेंटरनं सदतीस खाके उलगडले. सगळी माणसं कमरेशी संपत होती. गिऱ्हाइकाला हसरा चेहरा हवा असतो, चौकोन लहान असतो, पाय कोण बघतो. एकतीस वर्षांत त्या दुकानातून एकही पाय बाहेर पडला नव्हता.

मग त्यानं स्वतःच्या हातानं काढायला घेतलं. एक प्लायवूड पांढरं केलं, सवयीप्रमाणं वर एक आणि खाली एक दोरा मारला. वरच्या रेघेला डोकं टेकवलं. डोक्याखाली मान, मानेखाली खांदे, खांद्याला हात, हातात खोका. प्रत्येक कडा त्यानं काठीवर मनगट टेकवून ओढली. कमरेपर्यंत आल्यावर बघितलं तर खालची रेघ जवळ आली होती, दीड वीत जागा उरली होती. पेंटर यानं घाबरणारा नव्हता. त्यानं पाय दाबले. मांड्या थोड्या, पोटऱ्या जास्त, आणि पावलं खालच्या रेघेवर अशी बेताची बसवली की कुठे काही सांडलं नाही. लांब जाऊन पाहिलं. काम स्वच्छ होतं.

मॅडमना दाखवण्याआधी हमालांना विचारून घ्यावं म्हणून तो ते प्लायवूड सायकलला बांधून दुपारच्या सुट्टीत गोदामात गेला. हमाल सावलीला डबे उघडून बसले होते. त्यांचा मुकादम पंचावन्नचा, रुंद, कानांवर पांढरे केस. तो डबा बाजूला ठेवून उठला. बाकीचेही आले. त्यांनी प्लायवूडभोवती कोंडाळं केलं.

"हा कुठे अडकलाय का?" एकानं विचारलं.

"वाळत घातलाय," दुसरा म्हणाला. "चिमटे दिसत नाहीत एवढंच."

"पाय धुताना आटले असतील."

मुकादम हसला नाही. त्यानं मान तिरकी करून पुन्हा एकदा बघितलं. "पेंटर, राग मानू नका. पण हा खोका उचलत नाहीये. ह्यालाच कुणीतरी उचललंय."

पेंटर त्या संध्याकाळी प्लायवूड घेऊन मेव्हण्याकडे गेला. बायकोही डबा द्यायला बरोबर होती. मेव्हण्यानं रेडिओ बारीक केला आणि डाव्या हातानं प्लायवूड खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. बराच वेळ बघितलं.

"कडा काय सुरेख मारल्यात," तो म्हणाला.

"कडांचं विचारत नाहीये मी."

"भाऊजी, हा माणूस नाही. हे अक्षर आहे. वरच्या रेघेला टांगलंय तुम्ही याला. अक्षर वरून लोंबतं. माणूस खालून उभा राहतो. आधी जमीन, मग पाऊल, मग घोटा, असं वर चढत जायचं. डोकं सगळ्यात शेवटी, आणि ते जिथे येईल तिथे येईल. वर रेघबिघ काही नाही."

"डोकं येईल तिथे?"

"येईल तिथे."

पेंटरला ही बेशिस्त वाटली, पण तो म्हणाला, "मग शिकव की."

मेव्हण्यानं रेडिओचं बटण उगाच इकडे तिकडे फिरवलं. "शिकवून काय करू? तुम्हाला अक्षरं येतात. माणसंही यायला लागली, तर मग मी कशाला?"

पेंटरनं बायकोकडे बघितलं.

"आत्ता तरी कशाला आहेस?" ती डब्याचं झाकण उघडत म्हणाली. "वर्ष झालं, या रेडिओशी संसार मांडून बसलायस. हात थरथरतो ते समजलं. डोळे थरथरतात का?"

"नाही, ताई."

"मग डोळे घेऊन ये. हात यांचा वापर. आणि ही भाजी गरम आहे तोवर खा, नंतर तोंड पाडून बस."

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गोदामाच्या फाटकाशी उभा होता, हात पँटच्या खिशात.

पहिले चार दिवस मेव्हण्यानं पेंटरला फक्त पावलं काढू दिली. दोघं एका पालथ्या पेटीवर बसायचे आणि पेंटर वहीत हमालांचे बूट काढायचा. उभे बूट, चालते बूट, खोका घेताना टाच उचललेले बूट. "आमची तोंडं एवढी वाईट आहेत का?" असं येता जाता एकजण विचारायचा. पाऊल समोरून बघितलं की ते लांबट न दिसता पाचरीसारखं दिसतं, हे पेंटरला बावन्नाव्या वर्षी कळलं. त्याला ते पटायचं नाही. आहे एवढं लांब, मग काढायचं आखूड का?

"तुम्हाला माहीत आहे ते नका काढू," मेव्हणा म्हणायचा. "दिसतं ते काढा. जसं दिसतं तसं."

पाचव्या दिवशी मेव्हण्यानं खिशातून दोरा काढला, त्याला एक लोखंडी नट बांधला आणि डाव्या हातानं डोळ्यासमोर धरला. डावा हात त्याचा स्थिर होता. "हा दोरा त्याच्या गळ्याच्या खळीवर धरायचा आणि नट कुठे लोंबतो ते बघायचं. ज्या पावलावर लोंबेल, त्या पावलात भार. दोन पावलांच्या मधे लोंबला तर दोन्हीत निम्मा. आणि पावलांच्या बाहेर गेला..."

"तर?"

"तर माणूस पडतोय. किंवा तुम्ही चुकलाय."

पाट्या सरळ लागल्यात की नाही हे पेंटर असाच नट सोडून बघत आला होता. माणसालाही तो लावतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मुकादमाला मात्र ते आधीच माहीत असल्यासारखं होतं. तो दोऱ्याकडे बघून म्हणाला, "ओझं पायातच असतं हो. डोक्यावर घ्या, पाठीवर घ्या. पाय दुखला की कळतं कुठं होतं."

घरी गेल्यावरही सराव हवा म्हणून पेंटरनं बायकोला धरलं. ती धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर निघाली होती.

"जरा अशीच उभी राहा. हलू नकोस."

"बादली खाली ठेवू?"

"अजिबात नको. भार पाहिजे."

"भार मला पडतोय, तुमची पेन्सिल चाललीये," ती म्हणाली, पण उभी राहिली.

पेंटरनं जमिनीची रेघ मारली, पावलं काढली, दोरा धरला. नट तिच्या डाव्या टाचेवर आला. बादली उजव्या हातात होती, तेव्हा थोडं डावीकडे झुकणं बरोबरच. पण एवढं? त्याला वाटलं, आपण चुकलो. खोडून पुन्हा काढलं. पुन्हा डावी टाच. त्यानं तिला बादली डाव्या हातात घ्यायला सांगितली, म्हणजे भार उजवीकडे जाईल. तिनं घेतली. बादली डावीकडे, आणि नट परत डाव्या टाचेवर. उजवं पाऊल जमिनीला नुसतं टेकलेलं होतं, बोटांवर.

"माझं काहीतरी चुकतंय," तो म्हणाला. "तुझा उजवा पाय लोंबता येतोय."

"चुकत नाहीये."

"म्हणजे?"

"उजवा गुडघा दुखतो. भार देत नाही मी त्यावर."

"कधीपासून?"

तिनं बादली खाली ठेवली आणि पिळलेलं एक फडकं उगाच पुन्हा पिळलं. "दोन वर्षं होतील. जिन्यानं जाताना जास्त."

पेंटर वहीकडे बघत राहिला. दोन वर्षं ही बाई त्याच्यासमोर उजव्या बोटांवर उभी राहून स्वयंपाक करत होती. "मला सांगायचं ना."

"तुम्ही पाटीच्या कडा बघता," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, होतं तसं सांगितलं. "काढा आता. नाहीतर मी चालले."

त्यानं ते चित्र पुरं केलं. डोकं कागदाच्या बाहेर गेलं, कारण वर जागा उरली नव्हती, पण ते दाबावं असं त्याला वाटलं नाही. बादली त्यानंच वर नेली. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरकडे नेलं, तिथे ती डॉक्टरला म्हणाली की मला काही झालेलं नाही, यांच्या चित्रात आलंय.

शेवटचा आठवडा पेंटर फक्त मुकादमाला काढत होता. मुकादम दिवसातून शंभर खोके उचलायचा, आणि तेही ठरलेल्या चालीनं, त्यामुळे एक वाकणं हुकलं तर दुसरं लगेच मिळायचं. मेव्हणा शेजारी बसून बोलायचा. खांदा वर गेलाय. कोपर आणखी बाहेर. कंबरेतून वाकतोय तो, मानेतून नाही. अधूनमधून त्याचा उजवा हात आपोआप खिशातून बाहेर यायचा आणि हवेत रेघ काढायचा, थरथरती. पेंटरला ती कळायची. हळूहळू मेव्हण्यानं तो हात परत खिशात घालणं सोडून दिलं.

शनिवार-रविवारी भिंतीवर चित्र झालं. पेंटरनं आधी जमिनीची रेघ मारली आणि मग पावलांपासून वर चढत गेला. वरची रेघ मारली नाही. रविवारी दुपारी डोकं आलं, जिथे यायचं होतं तिथे: खाली झुकलेलं, तोंडाची नुसती एक कड दिसेल असं. त्यानं त्यावर ताडपत्री सोडली. मेव्हणा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊजी, हा माझ्याच्यानंही झाला नसता." पेंटरला ते खरं वाटलं नाही, पण ऐकायला बरं वाटलं.

सोमवारी आठ वाजता चौदा हमाल भिंतीसमोर गोळा झाले. मॅडमनी पेंटर आणि मेव्हणा दोघांना सांगितलं, तोंडातून शब्द काढायचा नाही. मग ताडपत्री ओढली.

गेल्याच आठवड्यात कामाला लागलेला एक हमाल होता. त्याला इथली भाषा येत नव्हती. मॅडमनी त्यालाच पुढे बोलावलं आणि चित्राकडे बोट करून हातानं विचारलं, हा काय करतोय? तो भिंतीजवळ गेला. चित्रातल्या पावलांसारखी पावलं टाकली, तसा वाकला, नसलेला खोका उचलला. मग उजव्या कमरेवर हात दाबून तोंड वाकडं केलं आणि मुकादमाकडे बोट दाखवलं.

सगळे हसले.

"मुकादमच की हो."

"तो उजवा खांदा बघ. खाली."

"आता विडी मागेल."

मुकादम तेवढा हसला नाही. तो चित्राच्या जवळ गेला. "मी असा वाकतो?"

"रोज," कुणीतरी म्हणालं.

पेंटरला वाटलं, झालं, जमलं. हमालांना कुणी न सांगता कळलं होतं. त्यानं मॅडमकडे बघितलं. मॅडम कपाळाला आठ्या घालून उभ्या होत्या.

"काका, मी दिलेला कागद कुठाय?"

"खिशात."

"काढा जरा."

पेंटरनं घडी उलगडली. काड्यांचा माणूस गुडघ्यात वाकलेला होता, पाठ सरळ, खोका छातीशी. भिंतीवरचा माणूस गुडघे ताठ ठेवून कमरेतून वाकला होता, पाठीची कमान झालेली, खोका हातभर लांब. सगळं बरोब्बर उलटं.

"असं उचलूनच तर माझी चार माणसं घरी बसलीत," मॅडम म्हणाल्या. "आणि हेच मी भिंतीवर लावू?"

पेंटरनं कागदाची पुन्हा घडी घातली. तो कागद पंधरा दिवस त्याच्या खिशात होता. माणसाकडे बघायला लागल्यावर काडीकडे बघायचं त्याला सुचलंच नव्हतं. चुलतभावाच्या दुकानातल्या खिळ्यांच्या खोक्यांचा वास त्याला आत्ताच आला.

"मॅडम, चूक माझी," मेव्हणा पुढे होऊन म्हणाला. "जसं दिसतं तसं काढा, असं मी सांगितलं."

"तू गप्प बस. कागद माझ्या खिशात होता," पेंटर म्हणाला.

"चूक कुणाची का असेना," मॅडम म्हणाल्या, "चित्र मला असं—"

"इथे," मुकादम म्हणाला.

तो अजून भिंतीशीच होता. त्यानं चित्रातल्या माणसाच्या कमरेच्या जरा वर, उजवीकडे, बोट टेकवलं होतं. रंग अजून पुरता वाळला नव्हता, बोटाला तपकिरी लागला. "इथे दुखतं मला. हीच जागा. यांना मी सांगितलेलं नाही. घरीही सांगितलेलं नाही." त्यानं बोट पँटला पुसलं. "मॅडम, सहा महिने झाले, तुम्ही आम्हाला तो काडीवाला दाखवताय. एकानं तरी बघितलं का त्याच्याकडे? आणि हा बघा, आत्ता सगळे कसे बघतायत."

मॅडमनी हमालांकडे बघितलं. दोघंतिघं खरंच आपापल्या कमरेवर हात ठेवून उभे होते. मॅडमनी हेल्मेट काढून केस मागे सारले, पुन्हा घातलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "हा राहू दे. यावर लाल फुली मारा, मोठी. पण शेजारी बरोबर उचलणारा पाहिजे, आणि तोही असाच पाहिजे. काडी नको. तो मला आज कागदावर दाखवा. दोघांची जोडी जमली, तर सगळी भिंत तुमची. नाही जमली तर मग पत्रे."

"बरोबर उचलणारा कुठून आणू?" पेंटर म्हणाला. "इथे कुणीच तसं उचलत नाही."

"मी दाखवते." मॅडमनी कोपऱ्यातला एक खोका पुढे ओढला, गुडघ्यात वाकल्या, पाठ सरळ ठेवून तो छातीशी धरला आणि उभ्या राहिल्या. अगदी कागदाबरहुकूम.

मेव्हण्यानं दोरा धरला. पेंटरनं बघितलं आणि वही खाली केली.

"मॅडम, खोका रिकामा आहे."

"कशावरून?"

"तुमच्या टाचांवरून. जमिनीला भार कळलेलाच नाही."

हमालांत खसखस पिकली. मॅडमनी खोका खाली ठेवला, त्याही हसल्या. "रिकामाच आहे. भरलेला माझ्याच्यानं उचलणार नाही."

मग भरलेला खोका आला आणि मुकादम पुढे आला. मॅडम शेजारी उभं राहून सांगत होत्या: गुडघे वाकवा, आणखी, पाठ सरळ, खोका जवळ घ्या, पोटाला लावा. पस्तीस वर्षं एका चालीनं उचलणाऱ्या माणसाला दुसरी चाल जड जात होती. त्याच्या मांड्या थरथरल्या, तोंड लाल झालं. "ह्याच्यापेक्षा कंबर गेलेली बरी," तो दातातून म्हणाला. दोन वेळा त्यानं अर्ध्यातून सोडलं. पेंटर पावलांपासून वर चढत होता. मेव्हण्यानं डाव्या हातात दोरा धरला होता आणि उजवा, थरथरणारा, तो पुढे करून दाखवत होता, इथे, भाऊजी, इथे, दोन्ही टाचांत आला बघा.

दुपारच्या सुट्टीआधी कागद पुरा झाला. मॅडमनी तो भिंतीवरच्या चित्राशेजारी धरला. परभाषेतल्या त्या हमालानं न सांगताच पावलं टाकली, गुडघ्यात बसला आणि उठला. या वेळी त्यानं कमरेवर हात नेला नाही, दोन्ही मांड्यांवर नेला आणि फुंकर सोडली. मॅडमनी मान डोलावली. "सुरू करा, काका. बाराच्या बारा जोड्यांनी. चोवीस माणसं होतील, चालेल ना?"

"चालतील," पेंटर म्हणाला. मेव्हणा खिशातलं वर्तमानपत्राचं पुडकं सोडून ब्रश काढायला लागला होता.

जेवण झाल्यावर पेंटरनं भिंतीवर जमिनीची रेघ पुढे वाढवली आणि मुकादमाला बोलावलं. मुकादमानं भरलेला खोका उचलला, धरला, घामाघूम झाला, खाली ठेवला.

"झालं?"

"पाय झाले," पेंटर म्हणाला. "कंबर राहिलीय. पुन्हा उचला."